रे बाप्पा

इरगोंडा सावकरांच्या पांढऱ्या गाडीतून उतरला, तेव्हा मी मंगळवारच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा निवडत होते. गाडी दत्ताच्या देवळापाशी थांबली. त्यानं आधी दार अर्धवट उघडलं, दोन्ही बाजूंना पाहिलं, मग उतरला आणि खाली मान घालून बोळात शिरला. सावकर म्हणजे गावातले सगळ्यात मोठे मागमालक, त्या गाडीचा नंबर सगळ्या बोरपेठला पाठ होता. तिच्यातून आमच्यापैकी कुणी उतरेल, हे मला कुणी शपथ घेऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

"ओ बाई, शेंगा घेणार हाय का नुसत्या मोडणार?" भाजीवाली म्हणाली.

मी हातातल्या शेंगेचे तीन तुकडे केले होते.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्या मंगळवारच्या आठच दिवस आधी याच इरगोंडानं निसारच्या दुकानात टेबलावर हात आपटून आम्हाला सांगितलं होतं, "बास झालं हे. आता परत पहिल्यासारखं गायचं."

आम्ही चौघं म्हणजे 'काळी फीत'. इरगोंडा मगदूम गायचा आणि गाणी लिहायचा. निसार मुजावर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, सर्जेराव आवळे हलगी, आणि मी, मालन ढवळे, बेस गिटार. तिला चार जाड तारा असतात आणि तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. आमचं बोरपेठ कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर. गाव मागांचं. मी तरुणपणी मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. दिवसभर तो खडखडाट कानात बसलेला असायचा, आणि संध्याकाळी आम्ही चौघं त्याच ठेक्यावर ओरडायचो. पुढं पुण्याच्या एका वर्तमानपत्रानं आम्हाला 'फोक-पंक' म्हटलं. सर्जेरावनं मला विचारलं, "ही शिवी हाय का कौतुक?" मलाही सांगता आलं नाही.

एकोणनव्वद साली माग कामगारांचा मोठा संप झाला. दंडाला काळ्या फिती बांधून आम्ही रोज गेटवर गायचो. बेचाळीस दिवस एक माग हलला नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी पुढाऱ्यांची बैठक गावाबाहेर एका मळ्यातल्या घरात होती. जागा मोजक्याच लोकांना माहीत होती. आम्ही चौघंही आमच्या टेम्पोतून तिथं गेलो होतो. अर्ध्या तासात मालक लोकांची माणसं काठ्या घेऊन आली. दोन पुढाऱ्यांचे पाय मोडले, एकाचा डोळा गेला. आठवड्याभरात संपही मोडला. मग सगळ्या गावात एकच प्रश्न होता, की जागा फोडली कुणी?

नाव निघालं रेवाप्पा जॉबरचं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. तीन दिवसांत इरगोंडानं गाणं केलं:

घागर नव्हं, मडकं नव्हं, माणूस फुटला,
कोण गं बाई, कोण गं बाई, कोण फुटला?

यावर हलगी थांबायची आणि समोरचे दोन हजार लोक एका आवाजात ओरडायचे, "रेवाप्पा!"

त्या गाण्यानं आमचं नाव झालं. महिन्याभरात रेवाप्पा बायको आणि लेकरू घेऊन गाव सोडून गेला. कुठं गेला, ते कुणी विचारलं नाही.

सहा-सात वर्षांनी मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं गाणं मागितलं. ते म्हणाले, चाल झकास आहे, पण कुणाचं नाव नको, कोर्टकचेरी होईल. निसारनंच तोडगा काढला. रेवाप्पाच्या जागी 'रे बाप्पा' घातलं. फुटला फुटला, रे बाप्पा! झालं. गणपतीत, वरातीत, हळदीत, सगळीकडे ते वाजायला लागलं. आम्हीही मग हॉटेलांची उद्घाटनं, कॉलेजांची गॅदरिंगं आणि कसले कसले महोत्सव करत फिरलो. काळ्या फिती कुठल्या पेटीत गेल्या, तेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आणि आता जुन्या कामगार चाळीवर बुलडोझर यायचा होता. जागा सावकरांची. चौऱ्याऐंशी खोल्या पाडून तिथं दुकानांची इमारत उठवायची होती. चाळीतल्या हौसाक्का संपाच्या वेळी माझ्या शेजारी बसून कांड्या भरायच्या. आता त्याच चाळ कमिटीच्या पुढारी होत्या. एक मेच्या सभेला गायला या, असा त्यांनी निरोप धाडला. आणि इरगोंडा, जो सहा महिन्यांपूर्वी एका सिमेंटच्या जाहिरातीसाठी फेटा बांधून नाचला होता, तो लगेच हो म्हणाला. एका शब्दानंही आढेवेढे घेतले नाहीत.

तेव्हाच मला जरा नवल वाटलं होतं. गाडी पाहिल्यावर नवल उरलं नाही.

त्या संध्याकाळी निसारच्या दुकानामागच्या खोलीत सराव होता. निसारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत जुने टीव्ही आणि आमची वाद्यं. इरगोंडा नेहमीसारखाच आला. पाणी प्यायला, खुर्ची उलटी करून बसला.

"आज उशीर झाला?" मी विचारलं.

"रानात गेलतो," तो म्हणाला.

त्याच्या चपलांना धूळसुद्धा नव्हती.

त्यानं गाण्यांची यादी पुढं ठेवली. नऊ गाणी होती. जुनी, मागांची, पाण्याची, एक नवं चाळीवरचं. मी यादी दोनदा वाचली.

"यात 'फुटला' कुठं हाय?"

"ते न्हाई घ्यायचं."

"म्हंजे?" निसार हसला. "लोक सोडतील का?"

"ते वरातीतलं झालंय आता. लढ्यात शोभत न्हाई."

"मग मूळचं घेऊ की," मी म्हणाले. "नावासकट. पहिल्यासारखं गायचं, असं तूच म्हणालास."

इरगोंडानं माझ्याकडं पाहिलं नाही. "न्हाई म्हटलं न्हवं मालन. दुसरी नऊ हायत."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून तो उठला आणि बाहेर गेला. खिडकी उघडी होती. तो खालच्या आवाजात बोलत होता, पण मला दोन वाक्यं ऐकू आली. "न्हाई, ह्यातल्या कुणाला अजून सांगितलं न्हाई," आणि थोड्या वेळानं, "एक तारखेपर्यंत तुमच्याकडनं कळलं तर बरं हुईल."

मी सर्जेरावकडं पाहिलं. तो हलगी शेकत होता. त्यानं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी इरगोंडावर डोळा ठेवला. यात आता काही लपवण्यासारखं नाही. मी शिवणकाम करायची, माझं मशीन रस्त्याकडेच्या खिडकीत होतं. तो कधी जातो, कधी येतो, सगळं दिसायचं. एका गुरुवारी तो सावकरांच्या बंगल्याच्या दिशेनं निघाला, तशी मी पिशवी उचलून मागं गेले. तो पुढच्या दारानं गेला नाही. आवारातल्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं बैठं घर आहे, तिथं गेला. दार आतून लागलं. मी समोरच्या पिठाच्या गिरणीत पाऊण तास बसून राहिले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक लखोटा होता. तो त्यानं शर्टाच्या आत सरकवला.

मला वाटलं, झालं. आता आणखी काय बघायचं राहिलंय?

त्याच दिवशी मी सर्जेरावच्या घरी गेले. बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा. चहा केला त्यानं. मी गाडी, फोन, लखोटा, सगळं सांगितलं.

"इरगोंडा विकला गेलाय," मी म्हणाले. "सभा करायची, चार गाणी म्हणायची, लोकांचा राग जिरवायचा, आणि सावकरांवर बोट ठेवणारं गाणं तेवढं वगळायचं. असा सौदा हाय हा."

"'फुटला'त सावकरांचं नाव कुठं हाय?" सर्जेराव म्हणाला. "त्यात रेवाप्पाचं हाय."

"पण ते ऐकलं की लोकांना संप आठवतो. काठ्या आठवतात. तेच नको असणार त्यांना."

सर्जेरावनं बशीत फुंकर घातली. "मालन, मी हलगी वाजवतो. हलगीवाल्याला ह्यात वडू नगंस."

मग मी हौसाक्काकडं गेले. त्यांना मात्र पटायला वेळ लागला नाही. मोर्चे, वकील, कलेक्टर कचेरी यांत त्या इतक्यांदा फसल्या होत्या, की कुणी फसवतोय म्हटलं की त्यांना पटायचंच.

"मगदुमाचं पोरगं," त्या म्हणाल्या. "बापाचे चार माग हुतेच की. मालकाचं रक्त शेवटी."

"कुणाला बोलू नका," मी म्हणाले. "ऐन वेळी मी ते गाणं सुरू करते. तो काय करतो, ते सगळ्यांसमोर दिसंल."

"न्हाई बोलत," हौसाक्का म्हणाल्या.

एक मेला चारची सभा होती. ऊन इतकं होतं की स्टेजचा लोखंडी कठडा हाताला सोसत नव्हता. चाळीसमोरच्या मैदानात सात-आठशे लोक जमले होते. म्हातारे कामगार पुढं सतरंजीवर, बायका डावीकडं, पोरंटोरं पत्र्यांवर. कुठल्याही महोत्सवात नव्हतं असं काहीतरी त्या मैदानात होतं. लोक आमच्याकडं करमणूक म्हणून बघत नव्हते.

इरगोंडानं दंडाला काळी फीत बांधली होती. आम्हालाही त्यानं एकेक दिली. माझ्या हाताला त्यानं स्वतः गाठ मारली आणि म्हणाला, "घट्ट झाली का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. मला त्याच्या बोटांचाही राग आला.

पहिली पाच गाणी अशी झाली, की मी मधूनमधून सगळं विसरायची. त्याचा आवाज पूर्वीसारखा नव्हता, चिरका झाला होता, पण जाहिरातीत नाचणारा माणूस तो नव्हता. सर्जेरावची हलगी मागांसारखी चालत होती. पाचव्या गाण्यानंतर इरगोंडा पाणी प्यायला वळला. मी त्याच्याकडं पाहिलं आणि बेसवर 'फुटला'ची सुरावट सुरू केली.

लोकांनी पहिल्या दोन ठोक्यांत ओळखलं. मैदान उठलं. पत्र्यांवरची पोरं नाचायला लागली. निसारला वाटलं, इरगोंडाचा बेत बदलला असेल, त्यानंही गिटार छेडली. सर्जेराव मात्र वाजवेना. तो नुसता माझ्याकडं बघत होता.

इरगोंडा बाटली हातात धरून उभा राहिला. मग माझ्याजवळ आला. "मालन, थांब."

मी थांबले नाही.

"मालन, हात जोडतो. आज नगं."

"का? कुणाला वचन दिलंयस?" मी म्हणाले. माझ्यासमोर माइक होता. तो उघडा होता, हे मला ठाऊक होतं.

त्यानं गायला नकार दिला, तर लोकांनीच गाणं उचललं. घागर नव्हं, मडकं नव्हं, माणूस फुटला! निम्मे लोक वरातीतलं म्हणत होते, म्हातारे जुनं. कोण गं बाई, कोण गं बाई, कोण फुटला? पोरं ओरडली, "रे बाप्पा!" सतरंजीवरचे म्हातारे ओरडले, "रेवाप्पा!" आणि डावीकडून, जिथं हौसाक्का उभ्या होत्या तिथून, बायकांचा आवाज आला:

"इरगोंडा!"

दुसऱ्या फेरीला तो आवाज वाढला. तिसऱ्या फेरीला सगळं मैदान तेच ओरडत होतं. कोण गं बाई, कोण फुटला? इरगोंडा! त्यातल्या बहुतेकांना कशासाठी ओरडतोय हेही माहीत नव्हतं. नाव चालीत चपखल बसत होतं, एवढंच.

माझी बोटं चालू होती. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण इरगोंडाचं तोंड मी पाहिलं. तो चिडला नव्हता, घाबरलाही नव्हता. आपल्याच गाण्यात उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते त्याला त्या क्षणी कळत होतं, एवढंच मला दिसलं. मी वाजवणं थांबवलं.

त्यानं माइक हातात घेतला. लोक गप्प व्हायला वेळ लागला.

"मी सावकरांच्या बंगल्यावर गेलतो," तो म्हणाला. "एकदा न्हाई, चारदा. सावकरांना भेटाय न्हाई. त्यांचे जुने दिवाणजी मागच्या घरात अंथरुणाला खिळल्यात. त्यांना दवाखान्यात न्यायचं हुतं, तवा त्यांच्याबरोबर गाडीतबी बसलो. कशासाठी, ते मी आज सांगणार नव्हतो. पण आता सांगायला लागंल."

मग त्यानं जे सांगितलं, ते मी त्याच्याच शब्दांत सांगू शकत नाही, कारण मधलं बरंच माझ्या कानांपर्यंत पोचलं नाही. पण हकिगत अशी होती. फेब्रुवारीत अथणीजवळच्या एका खेड्यात एक लग्न झालं. नवरदेव मांडवाकडं येताना बँडवाल्यांनी 'रे बाप्पा' लावलं. नवरीचा बाप मांडवातून उठला आणि उसाच्या रानात जाऊन बसला. अक्षता पडेपर्यंत आलाच नाही. नवरीनं नंतर खोदून खोदून विचारलं, तेव्हा बावीस वर्षांनी त्यानं तोंड उघडलं. नवरी म्हणजे महादेवी, रेवाप्पा जॉबरची मुलगी. तिनं इरगोंडाला पत्र लिहिलं. त्यात एवढंच होतं, की माझ्या वडलांनी जागा फोडली नव्हती, तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून हे गाणं केलं?

"मी पत्र वाचलं आणि मला उत्तर देता येईना," इरगोंडा म्हणाला. "म्हणून दिवाणजींकडं गेलो. त्या दिवशी काठ्या घेऊन माणसं त्यांनीच धाडली हुती, हे त्यांनी कबूल केलं. मी विचारलं, जागा कुणी सांगितली? तर ते हसले. म्हणाले, अरं, सांगायला कशाला कोण पायजे? तुमचा टेम्पो उभा हुता की मळ्याच्या तोंडाला. लाल अक्षरात 'काळी फीत' लिहिलेला. हमरस्त्यावरनं दिसत हुता."

सतरंजीवरचे म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले.

"दिवाणजींकडनं मी तसं लिहून घेतलं, सही घेतली," इरगोंडा म्हणाला. "महादेवी म्हणाली हुती, वडील हो म्हणस्तवर त्यांचं नाव पुन्हा कुठल्या स्टेजवर घेऊ नका. मी आजपतोर वाट बघितली. त्यांचं उत्तर आलं न्हाई. आणि आज मी त्यांना न विचारता त्यांचं नाव घेतलं. फुटला असंल तर आम्ही फुटलो. आमचा टेम्पो फुटला. हे गाणं इथून पुढं आम्ही वाजवणार न्हाई."

तो एवढंच बोलला. कुणाच्या सांगण्यावरून गाणं केलं, हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं सगळीकडं 'आम्ही' म्हटलं.

सांगणारी मी होते.

काठ्यांच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेवाप्पाला पाहिलं होतं. सावकरांची गाडी, तेव्हा काळी होती, चाळीच्या कोपऱ्यावर थांबली होती आणि रेवाप्पा खिडकीशी वाकून उभा होता, माझ्याकडं पाठ करून. दोन्ही हात छातीशी. मला वाटलं, हात जोडतोय. दुसऱ्या दिवशी सगळं झाल्यावर मी ते इरगोंडाला सांगितलं. त्यानं विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "ह्या डोळ्यांनी बघितलं." बावीस वर्षांत मला त्याबद्दल एकदाही शंका आली नाही. बाजारातल्या त्या मंगळवारीसुद्धा नाही.

माझ्यासमोर माइक होता. मी तो हातानं बाजूला केला आणि खाली बघत उभी राहिले. उरलेली चार गाणी आम्ही वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नंतर घोषणाही झाल्या. चाळ पुढं कोर्टात गेली. सात वर्षांनी निम्म्या लोकांना त्याच जागेवर खोल्या मिळाल्या, निम्म्यांना नाही. आम्ही त्या सातही वर्षांत गेटवर, कचेरीपुढं, जिथं बोलावलं तिथं गायलो. हॉटेलं आणि महोत्सव आपोआप सुटले, कारण 'रे बाप्पा' नाही म्हटल्यावर आम्हाला कुणी बोलवेना. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सामान टेम्पोत भरताना इरगोंडा एकटा वायरी गुंडाळत होता. मी त्याच्यापाशी गेले.

"तू माझं नाव घेतलं न्हाईस."

"काय करायचं नाव घेऊन?" तो म्हणाला. "अजून एक गाणं करायचं?"

"तू मला आधी सांगायला पायजे हुतंस."

त्यानं वायर खाली ठेवली. "पयलं तुलाच सांगणार हुतो. चारदा तुझ्या खिडकीपतोर आलो. तू मशिनीवर बसून माझ्याकडं अशी बघायचीस, की मला वाटायचं हिला कळलंय सगळं आणि ही मला तोंड उघडू देणार न्हाई. मग मी तसाच पुढं जायचो."

त्याला माझ्याबद्दल संशय आला होता, मला त्याच्याबद्दल. दोघंही एकमेकांच्या दारावरून जात होतो.

"मी जाते," मी म्हणाले. "अथणीला. उद्याच जाते."

"जाऊन काय म्हणणार?"

"बघू."

त्यानं खिशातून महादेवीचं पत्र काढून दिलं. त्यावर पत्ता होता.

दोन एसट्या बदलून मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. गावाच्या टोकाला पत्र्याचं घर होतं. महादेवी लग्नानंतर माहेरी आलेली होती. हातातला चुडा अजून नवा होता. मी नाव सांगितलं. ते तिच्या ओळखीचं नव्हतं. मग मी 'काळी फीत' म्हणाले, तशी ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"काल आम्ही तुमच्या वडलांचं नाव घेतलं," मी म्हणाले. "त्यांनी हो म्हणायच्या आधी. त्यात इरगोंडाचा दोष न्हाई. माझ्यामुळं घ्यावं लागलं."

"आणि पहिल्यांदा?" तिनं विचारलं. "तेव्हा कुणामुळं?"

आतून आवाज आला, "कोण हाय गं?"

रेवाप्पा खिडकीखाली पोत्यावर बसून कुणाचं तरी शिवणाचं मशीन उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते, चष्मा दोऱ्यानं बांधला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. "कांडीवाली मालन न्हवं तू? तुझ्या हातात कांडी कधी सैल नव्हती. बस."

मी खाली बसले. महादेवी दाराशीच उभी होती. एसटीत मी पुष्कळ काही जुळवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवलं.

"संपात तुम्ही सावकरांच्या गाडीपाशी उभे होता," मी म्हणाले. "मी बघितलं हुतं. मीच सांगितलं."

तो स्क्रू फिरवत होता, तो फिरवतच राहिला. मग म्हणाला, "ही हुती हातात." त्यानं दाराकडं बोट केलं. "तीन महिन्यांची. छाती भरली हुती तिची. गाडीचा ड्रायव्हर आमच्या गल्लीतला. सावकर गाडीत नव्हतेच. मिरजेच्या दवाखान्यात सोड, म्हणून मी त्याच्या पाया पडत हुतो. त्यानं सोडलं. म्हणून ही उभी हाय."

महादेवी माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

"मी तुमचं वाटोळं केलं," मी म्हणाले.

रेवाप्पानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "तू सांगितलं व्हय," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि मी समजत हुतो तानूबाई."

"कोण तानूबाई?"

"सर्जाची बायको. त्या दुपारी ती पाण्याला आलती नळावर. माझ्याकडं बघून तोंड फिरवलं तिनं. मी म्हटलं, हिनंच सांगितलं. बावीस वर्षं मी त्या बाईला शिव्या दिल्या. सकाळी उठलं की पयली तिला." तो जरासा हसला. "देव बघ. तिनं काहीच केलं नव्हतं. तिला माझा निरोप सांग. सांग, रेवाप्पा चुकला म्हणावं. माफ कर म्हणावं."

सर्जेरावची तानूबाई. मी 'सांगते' म्हणू शकले असते. त्याला बरं वाटलं असतं, आणि मी उठून एसटीला गेले असते.

"ती न्हाई आता," मी म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

रेवाप्पानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मशीनचं झाकण उचलून जागेवर बसवलं आणि त्यावर हात ठेवून बसला.

"मग ऱ्हायलंच की ते," तो म्हणाला.